कप्तानाचं टेबल

क्रूझच्या बोटीवरचा कप्तान म्हटलं, की पांढऱ्याशुभ्र गणवेशात प्रवाशांशी हस्तांदोलन करणारा, हौसेनं फोटोला उभा राहणारा आणि रात्री निवडक पाहुण्यांबरोबर जेवायला बसणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यावरून एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वीचे कप्तान खरे दर्यावर्दी होते, आताचे हॉटेलचे यजमान झाले. ही तक्रार इतिहासाला धरून नाही. कप्तानाचं यजमानपण प्रवासी आगबोटींइतकंच जुनं आहे. बदल झाला तो दुसरीकडे. एका माणसाच्या मर्जीवर चालणारा कप्तानाचा दिवस गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लेखी नियमांनी आणि इतरांच्या नजरेनं बांधला गेला. या धंद्यातले मोठे अपघात एकेक करून तपासले, तर जेवणाच्या टेबलाला दोष देणं किती वरवरचं आहे ते कळतं.

सुरुवात टायटॅनिकपासूनच करावी लागते, कारण आरोपही तिथूनच सुरू होतो. अटलांटिकवरच्या मोठ्या बोटींत कप्तानाचा दिवस तेव्हाच दोन भागांत वाटलेला होता. सकाळी मुख्य इंजिनिअर, पर्सर, डॉक्टर आणि मुख्य स्ट्युअर्ड यांना घेऊन साऱ्या बोटीची पाहणी. दुपारी अधिकारी सूर्याचा वेध घेत, गेल्या चोवीस तासांत किती मैल कापले ते फलकावर लागे आणि त्या आकड्यावर प्रवासी पैजा लावत. संध्याकाळ प्रवाशांची. रविवार, 14 एप्रिल 1912 रोजी कप्तान एडवर्ड स्मिथ यांनी सकाळी पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात प्रार्थना चालवली आणि रात्री वायडनर कुटुंबाच्या मेजवानीला ते हजर राहिले. पण नऊच्या सुमारास ते ब्रिजवर आले होते. थंडी, शांत पाणी आणि हवेचा स्वच्छपणा यांवर ड्यूटीवरचे अधिकारी लाइटोलर यांच्याशी बोलले आणि जरा शंका आली तरी मला कळवा, असं बजावून आपल्या खोलीकडे गेले. टक्कर झाली 11 वाजून 40 मिनिटांनी. म्हणजे बोट हिमनगावर आदळली ती जेवण लांबलं म्हणून नाही. बर्फाचे इशारे हाती असूनही हवा स्वच्छ आहे तोवर वेग कमी करायचा नाही, ही त्या काळच्या बहुतेक कप्तानांची रीत होती. ब्रिटिश चौकशीत लॉर्ड मर्सी यांनी चूक गंभीर ठरवली, पण रूढ रीतीकडे पाहता तिला हलगर्जी म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. दोष रीतीत होता, आणि ती रीत तपासणारं कुणी नव्हतं.

त्याच रात्रीची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. सुमारे 58 मैलांवर असलेल्या कार्पेथियाचे कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांना वायरलेसवाल्यानं झोपेतून उठवलं. त्यांनी बोट वळवली आणि एकामागून एक हुकूम सोडले. पुढे अमेरिकी सिनेटच्या चौकशीत त्यांनी ती यादी सांगितली, ती आजही वाचण्यासारखी आहे. बोटीवर तीन डॉक्टर होते, तिघांना तीन वर्गांची भोजनगृहं वाटून दिली. कॉफी, चहा, सूप तयार ठेवायला सांगितलं, ब्लँकेटं बाहेर काढली. प्रत्येक दारापाशी आजारी-जखमींना वर ओढायला खुर्च्या आणि मुलांसाठी राख भरायच्या कॅनव्हासच्या पिशव्या. समुद्र शांत करायला तेल. सगळी वाफ इंजिनाला मिळावी म्हणून खोल्यांची ऊब बंद. आपल्या प्रवाशांनी घाबरून गर्दी करू नये म्हणून प्रत्येक बोळात एक स्ट्युअर्ड. या हुकमांत नौकानयन किती आणि पाहुणचार किती, हे वेगळं काढता येईल का? सातशेहून अधिक माणसं वर घेतली गेली ती स्वयंपाकघर, भोजनगृह आणि वेटर यांच्या बळावर. कुठल्या खोलीत किती माणसं मावतात, कुठल्या कपाटात काय आहे, हे रोजची पाहणी करणाऱ्या कप्तानालाच मध्यरात्री आठवू शकतं.

क्रूझचा धंदा मात्र याहून निराळा, आणि हा फरक फारसा कुणी लक्षात घेत नाही. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी होत, बोटी रिकाम्या पडत. म्हणून हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालीन यांनी जानेवारी 1891 मध्ये ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्रात सहलीला पाठवली. लाइनरचा कप्तान खुल्या समुद्रातून एका बंदराहून दुसऱ्याला जातो, तर सहलीच्या बोटीला देखावा हवा असतो आणि देखावा किनाऱ्याला असतो. खडक, उथळ पाणी, अनोळखी दिवे यांच्याशी तिची रोज गाठ. केवळ सहलीसाठी बांधलेली पहिली बोट ‘प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुईझं’ 1906 च्या डिसेंबरात जमैकातल्या पोर्ट रॉयलजवळ खडकावर चढली. कप्तानानं पायलट न घेता आत शिरायचं ठरवलं होतं आणि दीपगृह ओळखण्यात चूक झाली. प्रवासी सुखरूप उतरले. कप्तानानं आपल्या खोलीत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली. एकट्यानं घेतलेला निर्णय आणि एकट्यानंच भोगलेली शिक्षा, हे त्या व्यवस्थेचं अगदी उघडं रूप होतं.

याच काळात पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर आपली माणसं मोठ्या संख्येनं होती. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, सलूनमध्ये गोवेकर. कप्तानाचा हुकूम सारंगाकडे, सारंगाकडून तांडेलाकडे आणि मग खलाशांपर्यंत जाई. अधिकाऱ्यांना कामचलाऊ हिंदुस्थानी यावी लागे. त्यासाठी टॉमस रोबक यांनी 1811 मध्येच जहाजी हुकमांचा कोश छापला होता. आपला शब्द सुकाणीपर्यंत नीट पोचतो की नाही, ही काळजी कप्तानाच्या कामात तेव्हापासून आहे.

यावर कुणी म्हणेल, पाहुणचारानं खरंच घात झाल्याची उदाहरणं नाहीत का? आहेत, आणि ती झाकता येणार नाहीत. हवाना-न्यूयॉर्क फेऱ्या करणारी ‘मॉरो कॅसल’ सप्टेंबर 1934 मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ जळाली आणि 137 माणसं गेली. प्रवाशांना त्रास नको, ओल्या डेकवर कुणी घसरून कंपनीवर दावा नको, अशा विचारानं त्या बोटीवर आगीच्या कवायती ढिल्या पडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी कप्तान रॉबर्ट विलमॉट अचानक वारले आणि सूत्रं विल्यम वॉर्म्स यांच्याकडे आली. मदतीचा संदेश जायला उशीर झाला, बोट वाऱ्याच्या तोंडावर चालतच राहिली, पहिल्या होड्यांत प्रवाशांपेक्षा कर्मचारीच जास्त निघाले. कवायत ढिली करणं म्हणजे पाहुण्यांचा मान ठेवणं नव्हे. तो त्यांना न सांगता त्यांचा जीव धोक्यात घालणं होतं. आणि एक माणूस गेल्याबरोबर सगळी बोट पोरकी झाली, याचा अर्थच असा की सारी शिस्त त्या एका माणसात साठवलेली होती.

दुसरं उदाहरण ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’चं. 13 जानेवारी 2012 च्या रात्री कप्तान फ्रांचेस्को स्केत्तीनो यांनी जीलियो बेटाला सलामी द्यायला बोट ठरल्या मार्गावरून किनाऱ्याकडे नेली. ब्रिजवर पाहुणे होते. सुकाणीशी भाषेचाही गोंधळ झाला. बोट खडकाला घासली, 32 माणसं मेली, आणि प्रवासी आत असताना कप्तान खाली उतरला. न्यायालयानं 16 वर्षांची शिक्षा दिली. सलामी हा पाहुणचाराचाच प्रकार, हे मान्य. पण सलामीमुळे बोट गेली, एवढ्यावर थांबलं तर मुद्दा हातचा निसटतो. मार्ग बदलण्याचा हुकूम एका तोंडातून निघाला, आणि शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांपैकी कुणी वेळेवर ठामपणे ‘नको’ म्हणालं नाही. तोच कप्तान रात्रभर पाहुण्यांना टाळून ब्रिजवर एकटा उभा असता, तरी त्याला असाच हुकूम देता आला असता.

त्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ब्रिजची मांडणीच बदलली. बोट एक अधिकारी चालवतो, दुसरा त्याला तपासतो, आणि कप्तान बहुतेक वेळ दोघांवर नजर ठेवतो. हुकूम मोठ्यानं उच्चारायचा, ऐकणाऱ्यानं तो पुन्हा म्हणायचा. स्टाफ कॅप्टन हा दुय्यम कप्तान बरोबर असतो. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, हा नियम कप्तानालाही लागू आहे. जुने दर्यावर्दी म्हणतात, यानं कप्तानाचा कारकून झाला. त्यांची खंत मी समजू शकतो, पण समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय सोलास करार त्याच कप्तानाला असा अधिकार देतो की सुरक्षेसाठी आवश्यक वाटलेला त्याचा निर्णय मालकालाही अडवता येत नाही. कारकुनाला कुणी असा अधिकार देत नाही. नियमांनी त्याची मर्जी आवळली, कंपनीच्या हिशेबापुढे त्याचा कणा मात्र ताठ केला.

फेब्रुवारी 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत योकोहामाला अडकून पडलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर 3,700 माणसं होती, त्यांत शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी. संसर्ग सातशेच्या वर पोचला. कप्तान जेनारो आर्मा यांच्या हाती बोट चालवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ते दिवसातून अनेकदा ध्वनिक्षेपकावरून बोलत राहिले आणि सगळ्यांच्या शेवटी खाली उतरले. खोलीत कोंडलेल्या माणसांना तो आवाज ओळखीचा होता. टेबलाशी बसून, डेकवर हिंडून कमावलेली ओळख अशा वेळी उपयोगी पडते.

म्हणूनच सध्याचा एक बदल मला खटकतो. कॉन्कॉर्डियावर आदल्या काही तासांत चढलेल्या जवळपास सातशे प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. 2015 पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. महासाथीनंतर मात्र अनेक कंपन्यांनी सगळ्यांना एकत्र जमवणं सोडून मोबाइलवर चित्रफीत दाखवायला आणि प्रवाशानं आपल्या सोयीनं ठरल्या जागी जाऊन हजेरी लावायला सुरुवात केली. गर्दी टळली, वेळ वाचला, प्रत्येकाला आपली जागा माहीत झाली, हे खरंच आहे. पण चार-पाच हजार माणसं एकदाही एकत्र उभी राहिलेली नसतील आणि कप्तानाची ओळख त्यांना फक्त चित्रफितीतून झालेली असेल, तर रात्री त्याचा आवाज आला म्हणजे ती त्याचं ऐकतील, हे कंपन्यांनी गृहीत धरू नये.