गाडी शिकताना : उचगाव परिसरातील नवीन चालकांसाठी वाहतुकीचे नियम आणि सुरक्षित वाहन चालविण्याच्या पद्धती

उचगाव, बेकिनकेरे, अतिवाड, बसुर्ते, कोनेवाडी या आपल्या भागातील मुलामुलींना कॉलेजसाठी बेळगावला आणि कामासाठी बेळगाव किंवा शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जावे लागते. बारावी होत आली की घरात पहिली मागणी दुचाकीची होते. गाडी घेण्याची तयारी महिनोन्महिने चालते, शिकण्याची तयारी मात्र दोन रविवारांत उरकली जाते. म्हणून सभासद कुटुंबांना एके ठिकाणी वाचता यावी अशी ही माहिती आम्ही दिली आहे.

सगळ्या नियमांमागे एकच तत्त्व आहे. आपण पुढच्या क्षणी काय करणार आहोत हे समोरच्याला आणि मागच्याला आधी कळले पाहिजे. डावीकडून चालणे, इंडिकेटर देणे, रेषा न ओलांडणे, फाट्यावर थांबणे हे सारे त्यासाठीच आहे. हे लक्षात ठेवले की नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

१. आधी लायसन्स, मग गाडी

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे परवान्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविता येत नाही. ट्रॅक्टरही याला अपवाद नाही. शेतातून डांबरी रस्त्यावर आला की त्याच्या चालकालाही परवाना लागतो.

- वय : ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी १६ वर्षे पूर्ण आणि पालकांची संमती. इतर दुचाकी व मोटारींसाठी १८ वर्षे पूर्ण. व्यावसायिक वाहतुकीच्या वाहनासाठी २० वर्षे पूर्ण. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात. त्यामुळे 'स्कूटरच आहे, सोळाव्या वर्षी चालते' हा समज चुकीचा आहे.
- कच्चे लायसन्स : परिवहन विभागाच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज करता येतो. चाचणीत वाहतुकीचे नियम, चिन्हे आणि चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न असतात. उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के उत्तरे बरोबर लागतात. वय ४० पेक्षा जास्त असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते.
- मुदत : कच्चे लायसन्स ६ महिने चालते. ते मिळाल्यावर ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. हे ३० दिवस सरावासाठीच ठेवलेले आहेत.
- 'एल' ची पाटी : पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर गाडीच्या पुढे आणि मागे हवे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच असावे. मागच्या चालकाने आपल्याला सांभाळून घ्यावे, एवढाच तिचा अर्थ आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.
- सोबत कोण : पक्के लायसन्स असलेली व्यक्ती शेजारी हवी, आणि गरज पडल्यास गाडी थांबविता येईल अशा जागी ती बसलेली हवी. कच्च्या लायसन्सवर मित्राला मागे बसवून बेळगावला जाणे नियमात बसत नाही.

सीमाभागातील सभासदांचा नेहमीचा प्रश्न असतो : कर्नाटकातले लायसन्स शिनोळीच्या पुढे चालते का? कायद्याप्रमाणे कच्चे आणि पक्के, दोन्ही परवाने संपूर्ण भारतात वैध असतात. बाची ओलांडून चंदगड तालुक्यात गेल्याने काही बदलत नाही. गाडीच्या नोंदणीचा नियम मात्र वेगळा आहे. पाहुण्यांकडून घेतलेली 'एमएच ०९' क्रमांकाची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथेच ठेवायची असेल, तर तिची कर्नाटकात नव्याने नोंदणी करावी लागते.

२. पालकांनी हे आवर्जून वाचावे

'गल्लीतल्या गल्लीत फिरवतो' म्हणून दहावीतल्या मुलाच्या हाती चावी दिली जाते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ यासाठीच आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याकडे नोकरीसाठी गाडी चालविता येणे ही पहिली गरज असते. ऐन उमेदीच्या वर्षांत मुलाची ती वाट बंद होते.

दुसरी गोष्ट विम्याची. विनालायसन्स चालकाकडून अपघात झाला, तर जखमीला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी शेत विकण्याची पाळी येऊ शकते.

३. फलकांची भाषा

आपल्या रस्त्यांवर फलक बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असतात. मुले शाळेत कन्नड शिकतात, पण घरातील वडीलधाऱ्यांना किंवा महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना ते वाचता येतेच असे नाही. सुदैवाने वाहतुकीच्या चिन्हांचा अर्थ अक्षरांत नसून आकारात आहे.

- लाल कडेचे वर्तुळ : मनाई किंवा मर्यादा. वेगमर्यादा, प्रवेश बंद, ओव्हरटेक मनाई.
- निळे वर्तुळ : सक्ती. दाखवलेल्या दिशेनेच जायचे.
- लाल कडेचा त्रिकोण : सावधगिरी. वळण, शाळा, अरुंद पूल, गतिरोधक.
- निळा आयत : माहिती. दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग.
- आठ कोनांचा लाल फलक : पूर्ण थांबा. उलटा त्रिकोण : समोरच्या वाहतुकीला आधी जाऊ द्या.

फलकांवर वारंवार दिसणारे काही कन्नड शब्द ओळखीचे करून घ्यावेत. 'निधानवागि चलिसि' म्हणजे हळू चालवा. 'एच्चरिके' म्हणजे सावधान. 'मुंदे' म्हणजे पुढे आणि 'तिरुवु' म्हणजे वळण. 'शाला वलय' म्हणजे शाळेचा परिसर, 'अपघात वलय' म्हणजे अपघातप्रवण भाग, 'सेतुवे' म्हणजे पूल. 'एडक्के' म्हणजे डावीकडे आणि 'बलक्के' म्हणजे उजवीकडे. नवख्या पाहुण्याच्या हाती गाडी देण्यापूर्वी एवढे शब्द त्याला सांगावेत.

रस्त्यावरील रेषाही बोलतात. मधली रेष तुटक असेल तर समोर मोकळे पाहून ओलांडता येते. अखंड असेल तर ओव्हरटेकसाठी ती ओलांडायची नाही. अखंड रेष बहुधा वळणावर किंवा चढावर असते, म्हणजे जिथे पुढचे दिसत नाही तिथेच.

४. आधी कोण जाणार?

- फाट्यावर : मुख्य रस्त्यावरील वाहनाला आधी जाऊ द्यावे. उचगाव फाट्यावर गावाकडून वेंगुर्ला रस्त्यावर येताना गाडी पूर्ण थांबवावी. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे. समोरचा थांबेल या भरवशावर गाडी पुढे काढू नये.
- सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात : उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी.
- गोलाकार चौकात : आत असलेल्या वाहनांना आधी जाऊ द्यावे, मग शिरावे. बेळगावच्या चन्नम्मा चौकात एकाच वेळी अनेक दिशांनी वाहने येतात. नवशिक्याने पहिल्या महिन्यात तिकडे न गेलेलेच बरे.
- घाटात : चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. आंबोली, तिलारी, चोर्ला या घाटांत हा नियम पाळला नाही, तर भरलेला ट्रक चढावर अडकतो आणि मागे घसरण्याचा धोका असतो. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे.
- रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी : डावीकडे सरून वाट द्यावी. न दिल्यास कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

५. खुणा देताना होणाऱ्या चुका

वळायच्या थोडे आधी इंडिकेटर द्यावा आणि वळून झाल्यावर तो बंद करावा. चालू राहिलेला इंडिकेटर मागच्याला फसवतो. सरळ जायचे म्हणून चारही इंडिकेटर लावण्याची पद्धत चुकीची आहे. त्यामुळे बाजूच्याला एकच दिवा दिसतो आणि आपण वळणार असा त्याचा समज होतो. ते चारही दिवे बिघाड होऊन उभ्या राहिलेल्या गाडीसाठी असतात.

पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की 'या, पुढे निघा' असा अर्थ काही जण घेतात. तो खरोखर उजवीकडे वळतही असेल. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याशिवाय ओव्हरटेक करू नये. रात्री समोरून वाहन येताच हेडलाइट डिपरवर घ्यावा.

६. वेग आणि अंतर

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते, ६० च्या वेगाने सुमारे १७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. त्यानंतर गाडी थांबायला आणखी जागा लागते, आणि वेग दुप्पट झाला की ही जागा चौपट होते. कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगाने एकूण सुमारे २० मीटर लागतात, तर ६० च्या वेगाने ३५ मीटरांहून अधिक. ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाढतात.

अंतर राखण्याची सोपी रीत अशी : पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हापासून 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' असे मनात म्हणावे. तीन पूर्ण होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात हीच मोजणी सहापर्यंत न्यावी.

७. आपल्या रस्त्यांवरचे खास धोके

ऊसहंगामात मार्कंडेय, दौलत अशा कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरला अनेकदा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागून एकच दिसते. ओव्हरटेक सुरू केल्यावर पुढे आणखी एक ट्रॉली असल्याचे कळते आणि तोवर समोरून गाडी आलेली असते. अशा ट्रॅक्टरच्या मागे घाई करू नये. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि बिघडलेली ट्रॉली दगड लावून रस्त्यातच उभी केलेली असते. म्हणून हंगामात रात्री दुचाकीचा वेग इतकाच ठेवावा की आपल्या हेडलाइटच्या उजेडात गाडी थांबेल. सभासद शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून लाल परावर्तक पट्टी लावावी. खर्च थोडा आहे, जीव मोठा आहे.

सुगीत रस्त्यावर वाळत घातलेल्या पिकावरून आणि पिंजरावरून दुचाकी घसरते. त्यावर जोरात ब्रेक मारू नये. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते. खड्ड्यात पाणी साचले की खोली कळत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरावे. हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यात लांबचा प्रकाश उलट डोळ्यांवर येतो, तेव्हा डिपरच लावावा. मंगळवारी आणि शुक्रवारी मळेकरणी देवीला येणाऱ्या भाविकांची गर्दी असते. त्या दिवशी नवशिक्याने गावातल्या रस्त्यावर सराव करू नये.

८. सराव कसा करावा

पहिला आठवडा मोकळ्या मैदानात : क्लच, ब्रेक, हळू वेगात तोल, आठचा आकडा. दुचाकीचे दोन्ही ब्रेक एकत्र दाबण्याची सवय इथेच लावावी. दुसरा आठवडा गावाबाहेरच्या कमी वर्दळीच्या रस्त्यावर : आरशात पाहणे, इंडिकेटर, वळणे. तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या वेळी वेंगुर्ला रस्ता. शहर आणि निपाणीकडे जाणारा महामार्ग सर्वांत शेवटी.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा लावलेला असावा. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा बांधावा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा, असा केंद्र सरकारचा नियम आहे. मोटारीत मागच्या सीटवरही सीट बेल्ट लावावा. फोन खिशात ठेवावा आणि दारू घेतली असेल तर चावी दुसऱ्याकडे द्यावी.

९. अपघात झालाच तर

गाडी बाजूला घ्यावी आणि ११२ किंवा १०८ वर फोन करावा. महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर पोलीस केस होईल, ही भीती सोडून द्यावी. कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आणि स्वतःचे नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. पैशांची जुळवाजुळव करत जखमीला थांबवून ठेवू नये.

निघण्यापूर्वी पाहावे

लायसन्स, नोंदणी पुस्तक, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र (डिजिलॉकरमध्ये असले तरी चालते), टायरमधील हवा, दोन्ही ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, इंडिकेटर, आरसे आणि साइड स्टँड. दोन मिनिटांचे काम आहे. घरातील मोठ्यांनी ते रोज केले, तर मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.