रोव्हर्स चषक : आरंभीचे हंगाम

मुंबईत १८९१ साली सुरू झालेली, बाद पद्धतीने खेळली जाणारी फुटबॉल स्पर्धा. सिमल्याचा ड्युरंड चषक (१८८८) आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड (१८९३) यांच्या जोडीने हिचे नाव घेतले जाई. भारतीय फुटबॉलमधील या तीन जुन्या मानाच्या स्पर्धांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली ही एकच. युरोपातील विजेत्या क्लबांची चषक स्पर्धा १९५५ मध्ये भरू लागली, तेव्हा रोव्हर्स चषकाला चौसष्ट वर्षे झाली होती. प्रस्तुत नोंद मुख्यतः १८९१ ते १९५५ या काळाची आहे. गोऱ्या पलटणींच्या बराकींत फिरणारा चषक भारतीय संघांनी जिंकून घेतला तो याच काळात, आणि स्पर्धेचे खरे मोलही तिथेच आहे.

आरंभ. मुंबईतील फुटबॉलप्रेमी इंग्रजांनी ही स्पर्धा सुरू केली. पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीने जिंकला. पहिला मान लष्करी संघाला मिळाला यात नवल नव्हते. सिमल्यातही १८८८ साली पहिला ड्युरंड चषक रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स या पलटणीनेच नेला होता. बाद पद्धतीची मूळ स्पर्धा म्हणजे इंग्लंडचा एफए चषक. त्याच्या १८७१–७२ च्या पहिल्या हंगामात वाँडरर्स संघाने अंतिम सामन्यात रॉयल इंजिनियर्स या लष्करी संघालाच १–० असे हरवले होते. इंग्रजी शाळांतून निघालेला हा खेळ अधिकाऱ्यांबरोबर छावण्यांत आला. कुलाबा, पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर या ठाण्यांत पलटणींना संध्याकाळचा वेळ होता, मैदाने होती आणि एकमेकींशी चुरसही होती.

बाद पद्धत लष्कराला सोयीची पडली. साखळीत प्रत्येक संघाला प्रत्येकाशी खेळावे लागते आणि महिने जातात. बाद फेरीत हरला तो घरी गेला. आठ संघ असतील तर सात सामन्यांत निकाल. दूरच्या ठाण्यावरून थोड्या दिवसांच्या रजेवर आलेल्या संघाला हेच परवडे. पण या सोयीची दुसरी बाजू अशी की पलटण काही वर्षांनी दुसऱ्या ठाण्यावर, कधी दुसऱ्या देशात जाई आणि तिच्याबरोबर तिचा संघही जाई. विजेत्यांची नावे बदलत राहिली, तरी मुंबईच्या माणसाला आपला म्हणावा असा संघ त्यांत नव्हता. सुरुवातीच्या तीस वर्षांत या स्पर्धेने शहरात मुळे धरली नाहीत, त्याचे मोठे कारण हे.

क्रिकेटशी तुलना. त्याच शहरात त्याच काळात क्रिकेटचे वळण वेगळे होते. जानेवारी १८९० मध्ये पारशी संघाने व्हर्ननच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला बाँबे जिमखान्यावर धूळ चारली. त्या संघात पळवणकर बाळू आणि शिवराम हे चर्मकार समाजातले भाऊ होते, आणि त्या विजयाची चर्चा मैदानापुरती राहिली नाही. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी सामने भरू लागले. क्रिकेटमध्ये मुंबईकराला स्वतःची बाजू घेता येत होती. रोव्हर्समध्ये दोन गोऱ्या पलटणींपैकी कोणाची बाजू घ्यायची? मराठी मध्यमवर्ग क्रिकेटकडे वळला, त्यामागे आवडीइतकीच ही परिस्थितीही होती असे म्हणणे भाग आहे.

१९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि स्पर्धेचा कारभार तिच्याकडे आला. त्याआधी, १९०२ पासून, शहरात हारवुड लीग सुरू झाली होती. पुढे दक्षिण मुंबईतील कूपरेजचे मैदान हेच रोव्हर्सचे घर झाले. पहिल्या महायुद्धात पलटणी आघाडीवर गेल्या आणि स्पर्धेत खंड पडला.

१९२३ चा हंगाम. आरंभीच्या सर्व हंगामांत हा सर्वांत महत्त्वाचा. या वर्षी कलकत्त्याचा मोहन बागान संघ रोव्हर्स खेळायला आला. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २–१ असे हरवून या संघाने देशभर नाव कमावले होते. शिवदास भादुडी त्या वेळी कर्णधार होते आणि अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. पण ते यश कलकत्त्याच्या मैदानावरचे, आपल्या माणसांसमोरचे होते. मुंबईला यायचे म्हणजे जवळपास दोन हजार किलोमीटरचा आगगाडीचा प्रवास, अनोळखी मैदान आणि समोर तालमीत मुरलेल्या पलटणी.

तरीही मोहन बागानने एकामागून एक फेऱ्या पार केल्या आणि अंतिम सामना गाठला. तिथे डरहम लाइट इन्फन्ट्रीने त्यांचा ४–१ असा पराभव केला. आकडा एकतर्फी आहे, आणि तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. मात्र या पराभवाने स्पर्धेचा चेहरा बदलला. रोव्हर्सच्या अंतिम फेरीत भारतीय क्लब उभा राहू शकतो हे मुंबईत दिसले. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, हाच संघ ड्युरंड स्पर्धेतही उतरला. गोष्ठ पाल हे त्या काळातील मोहन बागानचे आधारस्तंभ. बचावफळीत त्यांच्यासारखा पहाडी गडी दुसरा नव्हता, असे कलकत्त्यात आजही सांगतात. कोणाला १९११ आठवते, कोणाला भारतीय क्लबने प्रथम रोव्हर्स जिंकल्याचे १९३७. मधल्या १९२३ ची आठवण महाराष्ट्रात फारशी कोणी काढत नाही. वास्तविक तो सामना आपल्या शहरात झाला होता.

पहिले भारतीय विजेते. पलटणींची सद्दी आणखी चौदा वर्षे टिकली. १९३७ मध्ये बंगळूरच्या बँगलोर मुस्लिम्स संघाने चषक जिंकला; रोव्हर्स जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापनाही त्याच वर्षीची. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, याच संघाने चषक राखला. एकदा जिंकणारा नशिबाने जिंकला असे म्हणता येते. लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकल्यावर ते बोलणे बंद झाले. १९४० च्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने बँगलोर मुस्लिम्सला १–० असे नमवले. अंतिम सामन्यात एकही गोरा संघ नाही, हे दृश्य रोव्हर्सला नवे होते. मोहमेडनने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली होती, आणि १९४० मध्येच दिल्लीत ड्युरंड चषकही पटकावला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजी लष्करी संघ पुन्हा वर आले. त्या वर्षांवर रेंगाळण्यासारखे फारसे नाही. स्वातंत्र्यानंतर चित्र कायमचे पालटले. १९४९ मध्ये ईस्ट बंगालने प्रथमच चषक नेला.

हैदराबादची पाच वर्षे. १९५० ते १९५४ या पाचही हंगामांत विजेता एकच होता, हैदराबाद सिटी पोलीस. बाद पद्धतीत एक वाईट संध्याकाळ पुरते. गोलरक्षकाच्या हातून एक चेंडू सुटला किंवा एक पेनल्टी हुकली की वर्ष वाया जाते. अशा स्पर्धेत सलग पाच वर्षे न हरणे ही भारतीय क्लब फुटबॉलमधील थोर कामगिरी आहे, आणि तिचे श्रेय प्रथम सय्यद अब्दुल रहीम यांना जाते. पेशाने शिक्षक असलेले रहीमसाहेब १९५० मध्ये या संघाचे प्रशिक्षक झाले. चेंडू जमिनीवर ठेवणे, कमी स्पर्शांत पुढे देणे, दोन्ही पायांनी खेळणे आणि खेळाडूंनी जागा बदलत राहणे यांवर त्यांचा भर असे. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक या नात्याने त्यांनी १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून दिले, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. हैदराबादी खेळाडूंच्या या पिढीत नूर महंमद आणि अझीझुद्दीन ही नावे पुढे होती.

हैदराबादच्या या यशाचा परिणाम वाटेवरच्या महाराष्ट्रात मात्र दिसला नाही. हैदराबादहून मुंबईला येणारा लोहमार्ग वाडी, सोलापूर, कुर्डुवाडी, केम, जेऊर, दौंड, पुणे असा आहे. सोलापूर जिल्ह्यातील या पट्ट्यात कुस्ती आणि कबड्डी रुजली, क्रिकेटही गावोगाव पोचले; देशातल्या सर्वांत दमदार फुटबॉल शहराला मुंबईशी जोडणारा मार्ग दारावरून जात असूनही फुटबॉल मात्र इथे उतरला नाही. याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. फुटबॉल जिथे छावणी, गिरणी, मिशनची शाळा किंवा संस्थानचा आश्रय होता तिथे वाढला. नागपूरजवळच्या कामठीत छावणीमुळे तो रुजला आणि रब्बानी क्लबसारखे संघ उभे राहिले. कोल्हापुरात तो पेठांतील तालमींनी उचलला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावेच तिथे फुटबॉल संघांची नावे आहेत, आणि शाहू स्टेडियमवर बाद फेरीचा सामना असला की पेठा रस्त्यावर येतात. महाराष्ट्राला फुटबॉलचे वेड नाही असे म्हणणाऱ्याने कोल्हापूर पाहिलेले नसते.

१९५५ : मुंबई आणि युरोप. १९५५ मध्ये मोहन बागानने प्रथमच रोव्हर्स चषक जिंकला. १९२३ च्या पराभवानंतर बत्तीस वर्षांनी हा चषक त्यांच्या हाती आला. योगायोगाने त्याच वर्षी युरोपातील विजेत्या क्लबांच्या चषकाचा पहिला हंगाम सुरू झाला. लिस्बन येथे ४ सप्टेंबर १९५५ रोजी स्पोर्टिंग आणि बेलग्रेडचा पार्टिझान यांच्यात पहिला सामना झाला आणि ३–३ असा बरोबरीत सुटला. ही कल्पना पॅरिसच्या ‘लेकीप’ या क्रीडापत्राचे संपादक गाब्रिएल आनो यांची. डिसेंबर १९५४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने बुडापेस्टच्या होनवेद संघाला ३–२ असे हरवले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी लगेच आपल्या संघाला जगज्जेता ठरवून टाकले. असे ठरवण्याआधी सर्वांनी एकमेकांच्या घरी जाऊन खेळावे, असे आनो यांनी सुचवले.

पहिल्या हंगामात सोळा संघ होते. इंग्लंडचा विजेता चेल्सी आपल्याच लीगच्या विरोधामुळे उतरला नाही. स्कॉटलंडचा हिबर्नियन उतरला आणि उपांत्य फेरीपर्यंत गेला. रोव्हर्समध्ये एका सामन्यात निकाल लागे. युरोपात प्रत्येक फेरीत दोन सामने, एक आपल्या मैदानावर, एक प्रतिस्पर्ध्याच्या, आणि दोन्हींतील गोलांची बेरीज. अंतिम सामना तेवढा एकच. या पद्धतीने रेआल माद्रिदला तारले. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी पार्टिझानला घरी ४–० असे हरवले, पण बेलग्रेडच्या बर्फात ०–३ असा मार खाल्ला. एकच सामना असता, तोही बेलग्रेडमध्ये, तर माद्रिदची पुढची कथा घडली नसती. १३ जून १९५६ रोजी पॅरिसमध्ये रांसविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही माद्रिदने अंतिम सामना ४–३ असा जिंकला. तेव्हापासून १९६० पर्यंत सलग पाच वेळा चषक त्यांच्याकडेच राहिला. हैदराबाद पोलिसांनी मुंबईत असाच पाच वर्षांचा क्रम त्याआधीच पुरा केला होता.

या दोन कहाण्यांना जोडणारा एक धागा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असे हरवले, त्यात ब्रांको झेबेत्सचे चार गोल होते. तोच झेबेत्स पार्टिझानचा खेळाडू. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबांच्या खेळाडूंना युरोप किती पुढे गेला आहे हे तिथे उमगले, आणि चार वर्षांनी मेलबर्नमध्ये त्यांनी उत्तर दिले. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४–२ विजयात तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा.

नंतर. पुढील दशकांत मुंबई, कलकत्ता, हैदराबाद आणि गोवा यांच्या संघांनी स्पर्धा गाजवली. १९५८ मध्ये मुंबईच्या कॅल्टेक्सने चषक शहरातच ठेवला. १९७० च्या दशकात गोव्याचा धेंपो पुढे आला. एकूण चौदा विजेतेपदांसह मोहन बागान सर्वांत यशस्वी संघ ठरला. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आल्यावर मोठ्या संघांचे वेळापत्रक भरले, आणि २०००–०१ नंतर रोव्हर्स भरलाच नाही. कलकत्त्याने शील्ड सोडली नाही आणि ड्युरंड चषक आजही खेळला जातो. मुंबईने मात्र स्वतःची एकशे दहा वर्षांची स्पर्धा जाऊ दिली, हे या शहराला शोभले नाही.

कूपरेजवरील सामन्यांची छायाचित्रे, तिकिटे, कार्यक्रमपत्रिका किंवा वर्तमानपत्रांची कात्रणे ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत. जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा क्रीडा संघटनेकडे ती सोपवावीत. आरंभीच्या हंगामांचा इतिहास आता अशा कागदांवरच लिहिता येईल.