वाचन-गणितात मागे पडलेली मुले : डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचे काम आणि आपण

गंगाखेड तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. सोबत मुलेही जातात. परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता आला नाही, की 'याच्या डोक्यातच शिरत नाही' असा शेरा बसतो. आपल्या वस्तीतल्या मुलांवर तो जरा लवकरच बसतो. हा शेरा खोडून काढणाऱ्या कामाची ही ओळख.

डॉ. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. १९६६ मध्ये त्या फलटणला (जि. सातारा) आल्या. तिथल्या बोलीवर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. केली आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतले. आंबेडकरी चळवळीच्या संशोधक डॉ. एलिनॉर झेलियट त्यांच्या सहसंपादक होत्या. शाळा सुटलेल्या दलित मुलांना वाचायला शिकवण्यापासून बर्नसन यांचे शाळेचे काम सुरू झाले. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली.

वाचन : सगळी मुळाक्षरे आणि बाराखडी पाठ होईपर्यंत थांबायचे नाही. मोजकी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घ्यायचे, लगेच त्यांचे अर्थपूर्ण शब्द करायचे. मुलाची घरची बोली चूक ठरवायची नाही, तिच्यापासूनच सुरुवात करायची.

गणित : मुंबईत 'प्रथम' संस्थेने महापालिका शाळांतील मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी 'बालसखी' म्हणून नेमल्या. रोज सुमारे दोन तास त्या वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घेत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो (नोबेल, २०१९) यांनी सहकाऱ्यांसह या प्रयोगाची तपासणी केली, तेव्हा मुलांचे गुण वाढलेले दिसले.

पारख : २००५ पासूनच्या 'असर' पाहणीची चाचणी साधी आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. अंकओळख, वजाबाकी, भागाकार. एका मुलाला काही मिनिटे पुरतात.

बुद्धविहारात संध्याकाळी तासभर जागा मिळते, बारावी झालेले तरुण-तरुणी प्रत्येक वस्तीत आहेत. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता, ज्याला जेवढे येते त्याप्रमाणे गट करावेत. दशक-एकक शिकवायला काड्यांचे गठ्ठे पुरेत. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण जयंतीला फलकावर लिहितो. तो फलक आपल्याच मुलाला वाचता येतो का, हे आधी पाहू या.