पडून राहिलेला विद्युत्‌घट

विजेरींतील घट वापरल्यानें संपतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण तो न वापरतांही संपतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येते ती ऐन काळोखांतच. घट करणाऱ्यांची खरी झुंज होती ती या दुसऱ्या मरणाशीं.

फ्रेंच एंजिनियर जॉर्ज लक्लांशे यानें १८६६ सालीं जस्त, मँगेनीज डायॉक्साइड व नवसागराचें पाणी यांचा घट सिद्ध केला. तो कांचेच्या बरणींत असे, म्हणून प्रवासास निरुपयोगी. पुढें जर्मनींतील मेंझ येथील कार्ल गॅसनर यानें १८८६ सालीं नवसागर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्यें कालवून जस्ताच्याच भांड्यांत भरला, आणि कोरडा घट जन्मास आला. त्यांत त्यानें थोडें झिंक क्लोराइडही घातलें. त्यामुळें घट पडून असतां होणारी जस्ताची झीज कमी झाली. गॅसनर पेशानें डॉक्टर. त्यानें घटालाही पथ्य लावून दिलें म्हणावयाचें.

ही झीज होते कशी? जस्तांत लोखंडासारख्या दुसऱ्या धातूचे कण असले कीं प्रत्येक कणाभोंवतीं एक चिमुकला घट आपोआप चालूं लागतो, आणि बाहेर तार जोडलेली नसतांही जस्त विरघळत राहतें. जस्तावर पारा चढविल्यास ही झीज मंदावते, म्हणून कारखानदार कित्येक वर्षें तीच युक्ति योजीत आले. परंतु हवा तापली म्हणजे सर्वच रासायनिक क्रिया वेग घेतात. तेथें हा उतारा अपुरा पडे.

दुसऱ्या महायुद्धांत तर उष्ण प्रदेशांत धाडलेले अमेरिकन सैन्याचे घट कोठारांतच निकामी होऊं लागले. संदेशयंत्र मुकें झालें, सुरुंग शोधणारें यंत्र बंद पडलें, तर सैनिकानें करावें काय? १९४२ च्या सुमारास सॅम्युएल रूबेन यानें पाऱ्याच्या ऑक्साइडचा, पोलादी डबींत घट्ट बंद केलेला घट सिद्ध केला, आणि तो त्या हवेंत टिकला. मात्र पारा विषारी. अमेरिकेंत अशा चकतीवजा घटांची विक्री १९९६ च्या कायद्यानें थांबविण्यांत आली.

तत्पूर्वींच लुइस उरी यानें १९५० नंतरच्या दशकांत सिद्ध केलेला अल्कलाइन घट घरोघरीं पोहोंचला होता. साधारण हवेंत तो वर्षाकाठीं शेंकडा दोन-तीन भागच शक्ति गमावतो. तापलेल्या माळ्यावर मात्र अधिक. कांहीं घरीं घट शीतकपाटांत ठेवण्याची चाल आहे, पण बाहेर काढतांच त्यावर दंव धरतें व टोंकें गंजतात. त्यापेक्षां मूळ वेष्टनांत, कोरड्या कपाटाच्या तळच्या फणांत, नाणीं व किल्ल्या यांपासून दूर ठेवलेला घट वर्षानुवर्षें चांगला राहतो.