दुबई-अबूधाबीत कॅन्सर निघाला तर हक्काचं काय मिळतं?

रिपोर्ट हातात पडला की माणूस घाबरून राजीनामा लिहायला बसतो. तुमच्या मुलाबाळांना तसं करू देऊ नका. अमिरातीत विमा बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सोडली की उपचारही अडतात.

तिथलं सरकारी मासिक सहाय्य मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आहे. आपल्या माणसांना आधार २०२१च्या कामगार कायद्याचा. खासगी नोकरीत प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवस आजारपणाची रजा मिळते: १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० अर्धा, उरलेले ४५ बिनपगारी. मालकाला तीन कामाच्या दिवसांत कळवायचं आणि डॉक्टरांचा रिपोर्ट द्यायचा. रजा संपूनही कामावर जाता आलं नाही तर मालक काढू शकतो, पण वर्षभर नोकरी झालेली असल्यास ग्रॅच्युइटी द्यावीच लागते.

भारतात परतल्यावर काय? २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही. मात्र कॅन्सरमुळे पाय कापला किंवा स्वरयंत्र काढलं, तर ते दिव्यांगत्व धरतात. सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा जास्त लागतं. अर्ज यूडीआयडी कार्डासाठी करायचा. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत ६५ वर्षांखालचे, उत्पन्न नसलेले कॅन्सरचे पेशंटही बसतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना बघा.

नर्स म्हणून एकच सांगते: तिथून निघताना बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड्स आणि डिस्चार्ज पेपर मागून घ्या. इथून मागवताना फार दमछाक होते.