स्पॅनिश भविष्यकाळाची जन्मकथा

स्पॅनिश भाषेंत 'कान्तार' म्हणजे गाणें. या क्रियापदाचीं भविष्यकाळचीं रूपें विद्यार्थी अशीं पाठ करितो: कान्तारे, कान्तारास, कान्तारा, कान्तारेमोस, कान्तारेइस, कान्तारान. मी गाईन, तूं गाशील, तो गाईल. आम्ही गाऊं, तुम्ही गाल, ते गातील, असा त्यांचा अनुक्रमें अर्थ. येथें प्रत्यय मूळ धातूस न लागतां 'कान्तार' या सबंध शब्दास लागतात. आणि 'कोमेर' (खाणें) व 'बिबिर' (जगणें) या इतर दोन गणांसही तेच लागतात. वर्तमानकाळीं गणागणांत भेद, आणि भविष्यकाळीं मात्र सर्वांस एकच सांचा, असें कां व्हावें? याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

स्पॅनिशची जननी जी लॅटिन, तिच्यांत भविष्यकाळाचीं स्वतंत्र रूपें होतीं. 'अमाबित्' म्हणजे 'तो प्रीति करील' आणि 'अमावित्' म्हणजे 'त्यानें प्रीति केली'. पुढें लोकांच्या बोलण्यांत ब आणि व यांमधील भेद मावळला, आणि 'करील' व 'केली' यांचा उच्चार एकच होऊं लागला. दुसऱ्या एका गणांत 'दीकित्' (सांगतो) व 'दीकेत्' (सांगेल) यांची अशीच गल्लत होई. वचन दिलें आहे कीं पाळलें आहे हेंच ज्या रूपावरून कळेना, तें व्यवहारांत टिकावें कसें?

तेव्हां लोकांनीं नवा मार्ग काढला. क्रियेच्या नामापुढें 'हाबेओ', म्हणजे 'मजपाशीं आहे', हा शब्द ते जोडूं लागले. 'मला गावयाचें आहे' असा त्याचा भाव. मराठींत 'मला उद्यां जावयाचें आहे' या वाक्यांत कर्तव्य आणि भविष्य जसें एकत्र नांदतें, तसेंच हें. कालांतरानें हा शब्द झिजून स्पॅनिशमध्यें केवळ 'ए' उरला. आणि ए, आस, आ, एमोस, एइस, आन हीं त्याचींच रूपें प्रत्यय होऊन बसलीं. संस्कृतज्ञांस यांत नवल वाटूं नये. 'कर्तास्मि' हें भविष्यकाळचें रूप 'कर्ता' आणि 'अस्मि' यांच्या जोडणीनेंच झालें आहे.

या नव्या रूपाचा एक फार जुना पुरावा फ्रेदेगारच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सातव्या शतकांतील लॅटिन बखरींत मिळतो. बादशहा जस्टिनियन पराभूत इराणी राजाजवळ प्रांत परत मागतो. राजा म्हणतो, 'दाबो' नाहीं, म्हणजे देणार नाहीं. बादशहा उत्तरतो, 'दारास', म्हणजे देशील! यावरूनच दारा नगराचें नांव पडलें, असें बखरकार सांगतो. वस्तुतः तें नगर जस्टिनियनच्या पूर्वींच अनास्तासियस बादशहानें वसविलें होतें. तात्पर्य, कथा इतिहास म्हणून खोटी. परंतु राजाच्या तोंडीं जुनें रूप आणि बादशहाच्या तोंडीं नवें, हा भाषेचा पुरावा मात्र अस्सल होय.

ही जोडणी पक्की होण्यास शतकें लागलीं. जुन्या स्पॅनिशमध्यें 'कान्तार लो ए' असें म्हणत. दोन भागांच्या मध्यें सर्वनाम खुशाल बसे. १४९२ सालीं आंतोनियो द नेब्रिखा यानें आपल्या व्याकरणांत हा भविष्यकाळ दोन शब्दांचा बनला असल्याचें नमूद केलें. पुढें स्पॅनिशमधील तो सांधा बुजला. पोर्तुगीजच्या ग्रांथिक लेखनांत मात्र तो अद्याप दिसतो. 'दार-ते-एइ', म्हणजे 'तुला देईन', या रूपांत 'तुला' बरोबर मध्यें बसलेला आहे. १९६१ पर्यंत गोमंतकांत ज्यांचें शिक्षण पोर्तुगीजमधून झालें, त्यांस हें रूप अपरिचित नसावें.

आज स्पॅनिश लोक बोलतांना बहुधा 'बोइ आ कान्तार', म्हणजे 'गावयास जातों', असें म्हणून भविष्य सांगतात. एका काळीं 'आहे' या शब्दानें जें काम पत्करलें, तें आतां 'जातों' हा शब्द करूं लागला आहे. कोष्टकांतील तीं सहा रूपें अशा एका जुन्या गरजेची साक्ष होत. उद्यांचें वचन ऐकणाऱ्यास निःसंदिग्ध कळावें, एवढीच ती गरज.