मरण नाकारणाऱ्या पेशी : बीसीएल-२ या जनुकाची कुळकथा

कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या जनुकांचा शोध विसाव्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांत वेगाने पुढे गेला, तेव्हा त्या शोधाच्या मुळाशी एक गृहीत होते आणि ते इतके उघड वाटत होते की त्याची वेगळी तपासणी करण्याची गरज कोणाला भासली नव्हती. कर्करोग म्हणजे पेशींचे बेसुमार विभाजन, म्हणून कर्करोगाचे जनुक म्हणजे पेशीला विभाजनाचा हुकूम देणारे जनुक, असे हे गृहीत होते. सॅन फ्रान्सिस्को येथील मायकेल बिशप आणि हॅरोल्ड वार्मस यांनी १९७६ मध्ये कोंबड्यांना कर्करोग जडवणाऱ्या विषाणूतील ‘सार्क’ हे जनुक मुळात निरोगी पेशींतलेच असल्याचे दाखवून दिले. त्यापाठोपाठ ‘रास’, ‘मिक’ अशी जी जनुके उजेडात आली, ती सर्व या ना त्या प्रकारे पेशीच्या वाढीशी निगडित होती आणि प्रत्येक नव्या जनुकासोबत ते गृहीत अधिकच पक्के होत गेले. त्याला पहिला तडा गेला तो बीसीएल-२ या जनुकामुळे.

या जनुकाच्या कुळकथेला दोन शाखा आहेत आणि दीर्घ काळ त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. पहिली शाखा पेशीमृत्यूच्या निरीक्षणाची. वाढत्या भ्रूणात काही पेशी ठरावीक वेळी मरतात, हे कार्ल फोग्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये भेकांच्या अभ्यासात नोंदवले होते. तथापि पेशी मरते ती इजा झाल्यामुळे किंवा पोषण तुटल्यामुळे, ही समजूत पुढे शतकभर टिकली. ऑस्ट्रेलियातील विकृतिशास्त्रज्ञ जॉन केर यांनी उंदरांच्या यकृताचा रक्तपुरवठा अंशतः बंद करून पाहिले, तेव्हा त्यांना निराळेच दृश्य दिसले. इजा झालेली पेशी फुगते, फुटते आणि आसपास दाह निर्माण करते. या पेशी मात्र आक्रसत होत्या, त्यांचे आवरणयुक्त लहान तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे निमूटपणे गिळून टाकत होत्या. केर यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ॲण्ड्र्यू वायली आणि ॲलेस्टर करी यांच्यासह १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रकारच्या मृत्यूला ‘अपॉप्टॉसिस’ हे नाव दिले आणि हा मृत्यू पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेने घडवलेला, नियोजित मृत्यू असल्याचे सुचवले. पेशींची संख्या काबूत ठेवण्यात विभाजनाइतकाच या मृत्यूचाही वाटा असावा, आणि गाठींच्या वाढीशीही त्याचा संबंध असावा, हे त्या निबंधात स्पष्टपणे मांडलेले होते. असे असूनही पुढील दशकभर फार थोड्या संशोधकांनी त्याकडे लक्ष दिले. ज्या घटनेमागचे जनुक हाती नाही, ती घटना रेणवीय जीवशास्त्राच्या त्या उमेदीच्या काळात केवळ वर्णनाची बाब ठरत असे.

दुसरी शाखा फिलाडेल्फियाची. ‘फॉलिक्युलर लिम्फोमा’ हा लसिका ग्रंथींचा संथपणे वाढणारा कर्करोग असून तो ‘बी’ पेशींत, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींत उद्भवतो. या रोगाच्या बहुसंख्य रुग्णांच्या पेशींत चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जोडले गेलेले असतात, हे सूक्ष्मदर्शकातून आधीच दिसले होते. विस्टार संस्थेत कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे जपानी संशोधक योशिहिदे त्सुजिमोतो यांनी १९८४ मध्ये हा सांधा नेमका वेगळा काढला आणि अठराव्या गुणसूत्रावर त्या सांध्याशेजारी असलेल्या जनुकाचा छडा लावला. ‘बी’ पेशींच्या कर्करोगांत सापडलेला असा हा दुसरा सांधा असल्यामुळे जनुकाचे नाव बीसीएल-२ पडले. चौदाव्या गुणसूत्रावर प्रतिपिंडाचे जनुक असते आणि ‘बी’ पेशीत ते सतत जोमाने चालू ठेवणारा डीएनएचा भागही तेथेच असतो. त्याच्या शेजारी येऊन पडल्यामुळे बीसीएल-२ देखील अखंड चालू राहते. इथवर कथा उलगडली होती. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीत नेमके काय करते, याचे उत्तर मात्र त्याच्या रचनेवरून मिळत नव्हते, कारण तोवर माहीत असलेल्या कर्करोग-जनुकांपैकी कोणाशीही त्याचे साम्य नव्हते.

ते उत्तर मेलबर्नमध्ये मिळाले. तेथील वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स हे शास्त्रज्ञ दांपत्य ‘मिक’ जनुकामुळे होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांचा अभ्यास करीत होते आणि वैद्यकीय शिक्षण पुरे करून संशोधनाकडे वळलेले डेव्हिड व्हॉक्स त्यांच्याकडे पीएच.डी.चे काम करीत होते. व्हॉक्स यांनी बीसीएल-२ हे जनुक एका विषाणूच्या वाहनातून उंदराच्या रक्तजनक पेशींत घातले. या पेशी प्रयोगशाळेत जगतात त्या एका विशिष्ट वाढ-प्रथिनाच्या आधारावर. ते प्रथिन काढून घेतले की त्या लवकरच मरतात. विभाजनाचा हुकूम देणारे जनुक घातले असते, तर अशा पेशी त्या प्रथिनावाचूनही वाढत राहिल्या असत्या, आणि कर्करोग-जनुक ओळखण्याची तीच रूढ कसोटी होती. बीसीएल-२ असलेल्या पेशी या कसोटीला उतरल्या नाहीत, कारण वाढ-प्रथिन काढल्यावर त्यांचे विभाजन थांबले. पण त्या मेल्याही नाहीत. विभाजन न करता त्या नुसत्या जिवंत राहिल्या आणि प्रथिन पुन्हा दिल्यावर पूर्ववत वाढू लागल्या.

या प्रयोगाचे मोठेपण त्याच्या तंत्रात नाही, कारण असे प्रयोग तेव्हा अनेक प्रयोगशाळांत होत होते. ते आहे निष्कर्ष वाचण्याच्या पद्धतीत. पेशी वाढल्या नाहीत एवढेच नोंदवून एखाद्या संशोधकाने हे जनुक बाजूला ठेवले असते, तर त्याला दोष देता आला नसता. वाढ झाली नाही या निष्कर्षाच्या आड मृत्यूही झाला नाही हा दुसरा, अधिक महत्त्वाचा निष्कर्ष दडलेला आहे, हे ओळखण्यासाठी जी नजर लागते ती व्हॉक्स यांच्यापाशी होती. व्हॉक्स, कोरी आणि ॲडम्स यांचा निबंध सप्टेंबर १९८८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘मिक’च्या अतिरेकामुळे आधीच विभाजनाकडे झुकलेल्या पेशींत बीसीएल-२ घातले असता ही दोन्ही जनुके मिळून पेशींना अमर्याद वाढीकडे नेतात, हेही त्यात दाखवलेले होते.

हौदातील पाणी वाढते ते वरचा नळ मोठा सोडल्याने, तसेच खालची मोरी बुजवल्यानेही. कर्करोगाच्या अभ्यासाने तोवर फक्त नळाकडे पाहिले होते. सेंट लुईस येथील स्टॅन्ली कोर्समायर यांच्या गटाने १९८९ मध्ये बीसीएल-२चे मानवी सांध्यासारखेच जोडलेले रूप उंदरांत उतरवले, तेव्हा त्या उंदरांत विश्रांत अवस्थेतील दीर्घायुषी ‘बी’ पेशी साचत गेल्या आणि बऱ्याच काळाने त्यांपैकी काहींत खरा कर्करोग उद्भवला. मेलबर्नमध्ये आन्द्रेयास स्ट्रासर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘मिक’ आणि बीसीएल-२ ही दोन्ही जनुके असलेले उंदीर तयार केले, त्यांना मात्र कर्करोग अतिशय झपाट्याने झाला. मरण टळलेली पेशी ही लगेच कर्करोगाची पेशी नसते. पण पुढचे जनुकीय बिघाड साठवायला तिला वेळ मिळतो, आणि एरवी ज्या बिघाडांनी ती मेली असती ते पचवून ती जगते.

येथून दोन्ही शाखा एकत्र आल्या आणि त्यांना तिसरीही येऊन मिळाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉबर्ट हॉर्विट्झ जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीचा अभ्यास करीत होते. या कृमीच्या वाढीत १,०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. हा मृत्यू घडवणारी ‘सेड-३’ व ‘सेड-४’ आणि तो रोखणारे ‘सेड-९’ ही जनुके हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने शोधली. पुढे स्टॅनफर्ड येथे असताना व्हॉक्स यांनी सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये माणसाचे बीसीएल-२ या कृमीत घातले, तेव्हा ज्या पेशी मरायच्या होत्या त्यांपैकी काही वाचल्या. माणसाचा आणि कृमीचा समाईक पूर्वज कोट्यवधी वर्षांमागचा, तरीही एकाचे प्रथिन दुसऱ्याच्या पेशीत आपले काम ओळखते, या एका गोष्टीने पेशीमृत्यूचा विषय जीवशास्त्राच्या कडेवरून मध्यभागी आणला. सेड-९ हे बीसीएल-२चेच कृमीतील भावंड असल्याचे १९९४ मध्ये स्पष्ट झाले आणि २००२ चे नोबेल पारितोषिक सिडनी ब्रेनर व जॉन सल्स्टन यांच्यासह हॉर्विट्झ यांना मिळाले.

बीसीएल-२ मृत्यू कसा रोखते, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. कोर्समायर यांच्या गटाला १९९३ मध्ये बीसीएल-२ला चिकटणारे ‘बॅक्स’ हे प्रथिन सापडले. ते त्याच कुळातले, पण उलट स्वभावाचे होते. त्याचे प्रमाण वाढले की पेशी मरत असे. पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांच्या बाह्य आवरणाला बॅक्स आणि त्याचे जोडीदार प्रथिन भोके पाडतात. त्यांतून ‘सायटोक्रोम-सी’ हे प्रथिन बाहेर पडते आणि पेशीतील इतर प्रथिने कापून काढणाऱ्या ‘कॅस्पेज’ या विकरांना जागे करते, हे शाओदोंग वांग यांच्या १९९६ पासूनच्या कामातून उलगडले. पेशीवर संकट आले, उदाहरणार्थ तिच्या डीएनएला इजा झाली, की या कुळातली काही लहान प्रथिने तयार होतात आणि बीसीएल-२च्या पृष्ठभागावरील एका लांबट खाचेत जाऊन बसतात. खाच भरली की बीसीएल-२ला बॅक्सला आवर घालता येत नाही.

औषधाचा मार्ग या खाचेतूनच गेला. दोन प्रथिनांमधील पकड लहान रेणूने सोडवणे जवळजवळ अशक्य मानले जात असताना, शिकागोजवळील ॲबट कंपनीत स्टीफन फेसिक यांच्या गटाने बीसीएल-एक्सएल या भावंड प्रथिनाची त्रिमिती रचना उलगडली आणि खाचेच्या दोन भागांत अलगद बसणारे दोन छोटे रेणू शोधून ते एकमेकांना जोडले. त्यातून २००५ मध्ये एबीटी-७३७ हा रेणू आणि नंतर पोटात घेता येणारे नॅव्हिटोक्लॅक्स तयार झाले. नॅव्हिटोक्लॅक्समुळे रक्त गोठवणाऱ्या बिंबिका घटत असत, आणि त्याचे कारण पुन्हा मेलबर्ननेच दिले होते, कारण बिंबिकांचे आयुष्य बीसीएल-एक्सएलवर अवलंबून असते, हे तेथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले होते. तेव्हा बीसीएल-एक्सएलला सोडून केवळ बीसीएल-२लाच धरणारा रेणू घडवावा लागला. तोच व्हेनेटोक्लॅक्स.

‘क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगात पेशी बीसीएल-२वर विशेष विसंबून असतात. तेथे गुणसूत्रांचा सांधा नसतो, तर बीसीएल-२ला लगाम घालणारे दोन सूक्ष्म आरएनए बहुधा हरवलेले असतात, आणि हा दुवा क्रोचे यांच्याच गटाने शोधला. या रोगाच्या तीन रुग्णांना व्हेनेटोक्लॅक्सची एकच मात्रा दिल्यावर चोवीस तासांत इतक्या पेशी मेल्या की त्यांतून सुटलेल्या द्रव्यांचा रक्तावर भार पडला. हा गुण आणि हा धोका एकच होता. चाचणीच्या मात्रा वाढवत नेण्याच्या टप्प्यातील ५६ रुग्णांपैकी तिघांना याचा गंभीर त्रास झाला आणि त्यांतला एक दगावला. म्हणून पुढे २० मिलिग्रॅमपासून आरंभ करून आठवड्यागणिक मात्रा ४०० पर्यंत चढवण्याची रीत ठरली. मेलबर्नच्या ॲण्ड्र्यू रॉबर्ट्स आणि जॉन सिमोर यांच्या पुढाकाराने झालेल्या या चाचणीत, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ११६ रुग्णांपैकी ७९ टक्क्यांनी औषधाला प्रतिसाद दिला, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. ती व्हॉक्स यांच्या निबंधानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

ज्या रोगात हे जनुक प्रथम सापडले, त्या फॉलिक्युलर लिम्फोमावर मात्र हे औषध एकट्याने तितके चालत नाही. सुरुवातीच्या चाचणीत त्याला ३८ टक्के रुग्णांनीच प्रतिसाद दिला. त्या पेशींना जगवण्यात एमसीएल-१ या दुसऱ्या भावंड प्रथिनाचाही वाटा असल्याचे दिसते. ज्या रुग्णांवर औषध आधी उत्तम चालले, त्यांच्यापैकी काहींच्या बीसीएल-२ जनुकात पुढे एकाच अमिनो आम्लाचा बदल होतो आणि खाच थोडी बदलून औषधाची पकड सैल होते, असेही २०१९ मध्ये मेलबर्नमधील संशोधकांना आढळले. म्हणून एमसीएल-१ला रोखणारे रेणू तयार करण्याचे काम अनेक ठिकाणी हाती घेतले गेले आहे. पण हृदयाच्या स्नायुपेशीही त्याच प्रथिनाच्या आधाराने जगतात, असे उंदरांवरील प्रयोगांनी दाखवल्यामुळे त्या औषधांच्या चाचण्या हृदयाकडे सतत लक्ष ठेवून कराव्या लागत आहेत.